डब्यातली मराठी पत्रे आणि सेतूबलचे नातेवाईक : एक प्रकरण अभ्यास

जुनी मराठी आणि मोडी कागदपत्रे वाचून देण्याचे काम मी करतो. त्यातून या घराशी संबंध आला. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्यांचे एखादे माणूस आफ्रिकेला किंवा पोर्तुगालला गेले आणि मागे नुसते मौन राहिले अशी घरे गोव्यात आणि गोव्याबाहेर पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळे सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

अंत्रुज महालातले, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातले, हे सारस्वत घर. कुलदेवता कवळ्याची श्री शांतादुर्गा. थोरला मुलगा १९१९ चा. पणजीच्या लायसियममध्ये शिकून तो तिथल्याच वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाला. १८४२ साली स्थापन झालेली ही शाळा पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींना वर्षानुवर्षे डॉक्टर पुरवत होती. पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची दारे मोकळी झाली, आणि १९४७ साली हे डॉक्टर आरोग्यखात्यात रुजू होऊन मोझांबिकला गेले. १९५१ मध्ये तिथेच त्यांनी एका पोर्तुगीज परिचारिकेशी लग्न केले. ती मूळची कोइंब्राकडची.

घरी हे कळले तेव्हा वडिलांनी मुलाच्या नावाने आंघोळ केली. त्यानंतर घरात त्यांचे नाव निघाले नाही. धाकट्या बहिणीने मात्र पत्रे चालू ठेवली. १९५३ मध्ये ती लग्न होऊन पुण्याला आली, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. तिथून लिहिणे सोपे झाले, कारण वडिलांची नजर नव्हती. पण १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले. थेट टपालाची खात्री राहिली नाही, म्हणून बरीचशी पत्रे नैरोबीतल्या एका ओळखीच्या घरी जात आणि तिथून पुढे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर दोन्ही बाजूंची पत्रे थांबली. बहिणीला वाटले, भाईने मन कठोर केले. २००९ मध्ये ती गेली, तोवर तिची तीच समजूत होती.

डॉक्टरांचे पुढे काय झाले ते पुण्यात कोणालाच ठाऊक नव्हते. २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाले. अंगोला आणि मोझांबिकमधून त्या सुमारास पाच लाखांहून जास्त माणसे पोर्तुगालला परतली. त्यांतले बरेच जण एखाददुसरी पेटी घेऊनच आले होते. डॉक्टरांचे कुटुंब लिस्बनच्या दक्षिणेला सेतूबल या बंदराच्या गावी स्थिरावले. तिथेच १९८८ मध्ये ते वारले.

प्रश्न कसा उभा राहिला

डॉक्टरांची नात शाळेत शिकवते. आजीच्या मागे घर आवरताना तिला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत पत्रे, दोन फोटो आणि एक बंद पाकीट. लिपी कोणती ते घरात कोणालाच सांगता येईना. पोर्तुगालमधले हिंदू बहुतेक गुजराती. त्यांतले पुष्कळजण दीवचे, मोझांबिकमार्गे आलेले. साहजिकच घरच्यांची अटकळ अशी की आजोबाही त्यांच्यातलेच असणार. नात ती पत्रे घेऊन लिस्बनच्या राधाकृष्ण मंदिरात गेली. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा लावून पाहिले आणि सांगितले, ही मराठी आहे, आमची नव्हे. काही पत्रे तर त्यांनाही लागेनात. ती मोडीत होती.

बहिणीच्या शेवटच्या पत्रावर पुण्याचा पत्ता होता. नातीने त्या पत्त्यावर कागदी पत्र टाकले, इंग्रजीत, सोबत एका फोटोची प्रत. वाडा कधीच पडला होता, जागी सोसायटी उभी होती. पण सोसायटीचे चिटणीस जुन्या वाडेकरांपैकीच. त्यांनी पत्र कोथरूडला नेऊन दिले, बहिणीच्या मुलीच्या हातात. इथून पुढे त्यांना मी पुण्याच्या ताई म्हणतो. वय तेव्हा अडुसष्ट. फोटोत दोन मुले नारळाच्या बुंध्याशी उभी होती. तोच फोटो ताईंच्या आईच्या ट्रंकेत होता.

एवढ्यावर आनंदाने उत्तर जायला हरकत नव्हती. तरी महिनाभर गेले नाही, कारण तीन घरांच्या मनात तीन शंका होत्या. गोव्याच्या मूळ घरात डॉक्टरांच्या धाकट्या भावाचे चिरंजीव राहतात. ताई त्यांना दादा म्हणतात. दादांचा पहिला प्रश्न, "आता हिस्सा मागायला आली काय?" सेतूबलला डॉक्टरांच्या मुलीला कोणीतरी बजावले होते की भारतातून नातेवाईक उगवतात ते पासपोर्टसाठी. आणि ताईंना भीती ही की त्यांच्या आजोबांनी, म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांनी, लिहिलेली पत्रे त्या डब्यात असतील, आणि ती त्या लोकांना वाचून दाखवायची वेळ आपल्यावर येईल.

कोणते पर्याय समोर होते

नाते खरे की खोटे याबद्दल फोटोनंतर कोणालाच शंका नव्हती. तरी कागदाचा आधार हवा असे मी सांगितले. ताईंच्या मुलाने डीएनए चाचणी सुचवली. ताई आणि डॉक्टरांची मुलगी या आते-मामेबहिणी, त्यांच्यात सरासरी साडेबारा टक्के जुळणी निघते. पुढच्या पिढीत ती तीन टक्क्यांच्या आसपास येते. चाचणीने नाते कळले असते, पण नुसतेच नाते. कागदाने माणसे कळतात. गोव्यात १९१४ पासून जन्माची नागरी नोंद होते आणि त्या नोंदीत बाळाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडचे आजीआजोबाही लिहिलेले असतात. डॉक्टरांच्या एका दाखल्यावर पणजोबांपर्यंतची नावे मिळणार होती. एक अडचण मात्र हमखास येते. पोर्तुगीज कागदात शेणवीचे सिनाय होते, कामतचे कामोतीम होते, आणि आडनावाच्या आजच्या स्पेलिंगने शोध घेतला तर हाती काही लागत नाही. दाखला फोंड्याच्या निबंधक कार्यालयातून निघाला. नोकरीची फाईल नातीने लिस्बनच्या सागरपार ऐतिहासिक अभिलेखागारातून शोधली. दोन्हींत वडिलांचे नाव एकच. चाचणीचा विषय तिथे संपला.

पासपोर्टची शंका दूर करणे सोपे गेले, कारण कायदाच तसा आहे. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांची मुले आणि नातवंडे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज करत आली आहेत, पण हा हक्क सरळ रेषेत उतरतो. आईच्या मामाकडून तो मिळत नाही. ताईंच्या मुलाला अर्ज करायचा असता तर त्याची स्वतःची आजी गोव्यात जन्मलेली होती, सेतूबलच्या एकाही कागदाची त्याला गरज नव्हती. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की इथले जाते, आणि त्याला ते नको होते. हे सगळे त्याने पहिल्याच उत्तरात चार ओळींत लिहून टाकले. मला ते फार पटले. मनात शंका आहे हे दोघांनाही माहीत असताना गोड गोड पत्रे लिहीत राहण्यापेक्षा हे बरे.

घराचा प्रश्न इतका सोपा नव्हता. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी समान वारस. वडील १९६३ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया झाली, जिला गोव्यात सगळे इन्व्हेंटरी म्हणतात. त्या कागदात थोरल्या मुलाचे नाव आहे, आणि पुढे शेरा : गैरहजर, ठावठिकाणा अज्ञात. बहिणीने पुढे रीतसर दस्त करून आपला हिस्सा सोडला. थोरल्याचा हिस्सा तसाच राहिला. वडिलांनी मुलाच्या नावाने आंघोळ केली तरी कायद्याने तो वारसच होता.

दादांचे म्हणणे, हा विषय काढूच नका. त्यांच्या मुलाचे म्हणणे त्याच्या उलट : ते लोक येतील तेव्हा हक्कसोडपत्र तयार ठेवू, आनंदात आहेत तोवर सही होऊन जाईल. ताईंनी दोन्ही फेटाळले. लपवले तर उद्या वकिलाकडून कळेल, आणि भेटीच्या भरात सही घेतली तर ती फसवणूकच, असे त्या म्हणाल्या. यातला दुसरा मार्ग मी एकाहून जास्त घरांत पाहिला आहे आणि त्यातून तुटलेली नाती पुन्हा जुळलेली पाहिलेली नाहीत. ताईंनी व्हिडिओ कॉलवर, दादांना शेजारी बसवून, डॉक्टरांच्या मुलीला १९६४ चा कागद दाखवला आणि तुमचा हिस्सा आहे असे सांगितले. तिने विचारले, "बाबांची खोली कोणती?" हिश्श्याबद्दल ती म्हणाली की भाऊ आणि वकील यांच्याशी बोलून सावकाश कळवेन. दादा त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. पण आठवड्याने त्यांनी खोलीचा फोटो पाठवला.

पत्रांचे काय करायचे

माझ्याकडे स्कॅन आले तेव्हा मी ती तारखेने लावली. बहिणीची पत्रे बाळबोध, एकटाकी, कोपऱ्यापर्यंत भरलेली. वडिलांची चार पत्रे मोडीत. त्यांतली पहिली तीन १९४७ ते १९५० ची आणि साधी : प्रकृतीस जपणे, हवा कशी, पगार वेळेवर होतो काय. प्रत्येकाच्या माथ्यावर "श्री शांतादुर्गा प्रसन्न" आणि खाली "चिरंजीवास अनेक आशीर्वाद".

चौथे १९५१ चे. देवीचे नाव माथ्यावर तसेच, अक्षर तसेच वळणदार. पण चिरंजीव नाही आणि आशीर्वाद नाहीत. मायना सोडून मजकूर थेट सुरू होतो, जसा परक्याला लिहावा : "यास कळविण्यात येते की, तुमचे नावे स्नान करून मोकळे झालो. इतउत्तर पत्र पाठवू नये." मुलाला त्यांनी "तुमचे" लिहिले आहे. सहीच्या जागी नुसते आडनाव.

हे पत्र त्या घरात कसे न्यायचे यावर आमचे बरेच बोलणे झाले. गाळून टाकावे असे ताईंच्या मुलाला वाटत होते. आजोबांची बाजू वाईट दिसेल हे एक, आणि डॉक्टरांची मुलगी सत्तरीची, तिला आता कशाला दुखवा हे दुसरे. मी मऊ करून भाषांतर द्यायला तयार नव्हतो. द्यायचे तर पूर्ण, नाहीतर हे पत्र वाचत नाही असे उघड सांगायचे. हा निर्णय माझा नव्हता, ताईंचाही नव्हता. डब्याची मालकी सेतूबलची. म्हणून ताईंनी नातीला विचारले की एक पत्र कठोर आहे, वाचू का? दोन दिवसांनी उत्तर आले. आईला सगळे हवे आहे, पण कागदावर नको, समोर बसून हवे.

त्याआधी एक प्रकार घडला. घरातल्या एकाने चौथ्या पत्राचा फोटो आणि माझे लिप्यंतर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. कोणी हळहळले, कोणी आजोबांना नावे ठेवली. दादांना ते फार लागले. त्यांच्या आजोबांचा राग त्यांना एकट्या माणसाचा वाटत नाही. १५६६ च्या सुमारास केळशीचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, तेव्हा देवी नदीपलीकडे कवळ्याला आली, तिच्याबरोबर आपले घराणेही आले, अशी घरची सांगी. त्या घरात मुलाने पोर्तुगीज मुलगी आणणे हे आजोबांना काय वाटले असेल हे फोटोखालच्या शेऱ्यांना कळणे शक्य नव्हते. दादांनी गट सोडला. पुढची जुळवाजुळव त्यामुळे महिनाभर लांबली.

प्रत्यक्ष भेट

ताई आणि त्यांचा मुलगा लिस्बनला उतरले ते मे महिन्यात. सेतूबलचे घर दुसऱ्या मजल्यावर, साधे. डॉक्टरांच्या मुलीने माशाचे कालवण केले होते, नारळाच्या दुधातले. त्याला ते लोक कारिल म्हणतात. बाबा नेहमी म्हणत यात काहीतरी कमी आहे, पण काय ते सांगता येत नसे, असे ती म्हणाली. लिंबू पिळून भागवत. ताईंनी पहिला घास घेतला आणि बॅगेतून सोलांची पुडी काढली. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. एकीला मराठी आणि कोंकणी, दुसरीला पोर्तुगीज. इंग्रजी दोघींनाही जेमतेम.

पत्रे दुसऱ्या दिवशी वाचली. ताई मोठ्याने मराठी वाचत, मुलगा इंग्रजीत सांगे, नात पोर्तुगीजमध्ये. क्रम तारखेचा ठेवला. चौथ्या पत्राला लागूनच त्याच महिन्यातले बहिणीचे पत्र येत होते. त्यात चतुर्थीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या आराशीचे, वर्णन आहे. कांगलां, आमाडे, तोरिंग, चिबूड असे एकेक नाव लिहून ती पुढे विचारते, "भाई, तिकडे यातले काय मिळते? वहिनीस माटोळी दाखवावी. बाबांचे पत्र आले असेल. मी त्यांना काही बोलू शकले नाही. माझा नमस्कार तुम्हां दोघांस." सगळ्या पत्रव्यवहारात त्या बाईचा वहिनी म्हणून उल्लेख करणारी ही एकटीच. डॉक्टरांच्या मुलीने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. आपल्या आईला त्या घरात कोणी नातेच दिले नाही असे ती आजवर धरून चालली होती.

शेवटी बंद पाकीट. वर ताईंच्या आईचे नाव, पुण्याचा पत्ता, डॉक्टरांचे अक्षर, १९६२ चा शिक्का, आणि त्यावर आडवा दुसरा शिक्का, पाठवणाऱ्याकडे परत. पाकीट फोडायचे की नाही हे डॉक्टरांच्या मुलीने ताईंवर सोपवले, कारण पत्र ताईंच्या आईला होते. ताईंनी फोडले. आत दीड पान मराठी, अक्षर सवय तुटल्यासारखे. गोव्यात लढाई झाली असे रेडिओवर ऐकले, घर ठीक आहे काय, बाबा कसे आहेत, तू लिहीत नाहीस म्हणून काळजी वाटते. बहीण भावाच्या पत्राची वाट पाहत होती आणि भाऊ बहिणीच्या. ताईंच्या मुलाने मला त्याच रात्री फोन केला. भाषांतर सांगताना आवाज फुटला म्हणाला.

निष्पत्ती

पुढच्या वर्षी चतुर्थीला डॉक्टरांची मुलगी आणि नात गोव्याला आल्या. दादा त्यांना आणायला विमानतळावर गेले. माटोळी बांधताना नातीने पत्रातली यादी मोबाईलवर उघडून एकेक फळ ओळखून घेतले. कवळ्याला सगळे मिळून गेले.

सगळेच जुळले असे नाही. डॉक्टरांचा मुलगा लिस्बनला असतो. त्याने भेटायला नकार दिला आणि पत्रांच्या प्रतीही घेतल्या नाहीत. वडिलांना ज्यांनी टाकले त्यांच्याशी मला काही बोलायचे नाही, एवढा निरोप त्याने बहिणीबरोबर धाडला. त्याच्यावर कोणी दबाव आणला नाही. ते योग्यच झाले. त्याची तक्रार खरी आहे आणि ती मागे घ्यायला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, मूळ घरात राहणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी कळवायला हवे होते. पत्र आल्याचे दादांना कळले ते तिसऱ्याच कोणाकडून, आणि हिश्श्याची शंका तिथे वाढली. ताईंनी स्वतः फोन केला असता तर मधला महिना वाचला असता.

दुसरे, वाचन होईपर्यंत स्कॅन दोनच माणसांकडे ठेवायला हवे होते. जुने पत्र गटावर गेले की त्याच्या मागचा-पुढचा कागद सुटतो, आणि चौथ्या पत्राला बहिणीच्या पत्राशेजारी ठेवल्याशिवाय अर्थच नव्हता.

तिसरे, ताईंच्या आठवणी आधी ध्वनिमुद्रित करायला हव्या होत्या. पत्रे ऐकल्यावर त्यांच्या आठवणीत पत्रांतला मजकूर मिसळला. आई काय सांगत असे आणि पत्रात काय आहे, हे आता त्यांनाही वेगळे करता येत नाही.

घराच्या बाबतीत मात्र घाई न करण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. गोव्याच्या भेटीत एकही सही झाली नाही. सध्या दोन्ही बाजूंचे वकील वेगवेगळे आहेत. हिस्सा सोडायला डॉक्टरांची मुलगी तयार आहे, पण तिच्या भावाच्या संमतीशिवाय हे पुरे होत नाही. तोवर १९६४ च्या कागदातला अज्ञात ठावठिकाण्याचा वारस कोण, त्याची मुले कोठे राहतात, हे वारसदाखल्याने नोंदवण्याचे काम चालू आहे. त्यासाठी मोझांबिकमधल्या लग्नाचा आणि पोर्तुगालमधल्या मृत्यूचा दाखला लागला. तो पाठवण्याचा खर्च दादांनी केला.